लाल चांदणी असलेला रकाना

गंजीमाळाकडनं ती आली दुपारी,
"तेवढा अर्ज स्कॅन करून द्या, मी थांबतो."
कोल्हापूरच्या पोरी येतो-जातो असंच म्हणतात;
पुण्याच्या बाईंना ते फोनवर हसू आलं होतं.
ते मागच्या महिन्यातलं.

बी.कॉम., टॅली, उद्यमनगरात दोन वर्षं
एका फौंड्रीची बिलं.
टायपिंग माझ्यापेक्षा चांगलं.
येते ती स्कॅनरसाठी,
आणि 'पाठवा' दाबताना शेजारी कुणी असावं म्हणून.

सतरा अर्ज तहसीन जमादार या नावानं.
उत्तर नाही. नकारसुद्धा नाही.
अठराव्याला मीच म्हटलं,
"टी. घाल की नुसता.
जमादार काय, आपल्याकडं कुणीबी असतोय."
ती हसली. घातला.
चार तासांत फोन:
टी. जमादार सर आहेत का?

मंगळवारी माझ्याच दुकानात कॅमेऱ्यापुढं बसली.
झेरॉक्स मशीन बंद ठेवलं मी,
दोन गिऱ्हाईकं परत लावली.
पडद्यावरच्या साहेबांनी ओढणी बघितली,
घड्याळ बघितलं,
विचारलं, पूर्ण नाव?
तिनं सांगितलं. बापाच्या नावासकट.
मग त्यांचं नेटवर्क गेलं.
आमचं होतं.

बुधवारी तीच जाहिरात परत वर:
तातडीने पाहिजेत. सर्वांना समान संधी.

आता खरं सांगायचं तर
मी नेसरीकर नव्हे.
आजोबांनी शाळेच्या दाखल्यावर
आडनावाच्या जागी गाव लावलं.
तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, मास्तर होता,
चष्मा पुसत यादी वरनं खाली वाचणारा.
युक्ती लागू पडली. बाप कारकून झाला.
आणि मी दुकानाच्या पाटीवर पिवळ्याधमक रंगात
लिहून घेतलं ते गाव,
जिथं आमची गुंठाभर जमीन नाही.
उगाच नाही सुचलं मला, टी.

शनिवारी ती पुन्हा आली. एकोणिसावा.
मी कर्सर नेला लाल चांदणीपाशी
आणि गप्प बसलो.
तिनं कीबोर्ड स्वतःकडं ओढला.
माझ्याकडं 'ई'चं बटण अडकतं,
तिच्या नावात ते दोनदा आहे.
दोन्ही वेळा तिनं ते
अंगठ्यानं दाबून धरलं, उमटेपर्यंत.

"पाठवा," म्हणाली.
"मी थांबतो."