प्रश्न क्रमांक नऊ

नदीचं नाव सुरखी. तालुक्याच्या नकाशात
ती बिननावाची निळी रेघ आहे,
आणि रस्त्यावरच्या पाटीत नुसता 'लहान पूल'.

शनिवारची सकाळची शाळा, सातवीचे एकोणीस जण.
दोरी, थर्मामीटर, खिचडीच्या जुन्या डब्याचं झाकण
आणि झाकणावर काळ्या रंगाची फुली.
ती पाण्यात सोडायची,
दिसेनाशी झाली की दोरीच्या गाठी मोजायच्या.
पहिल्या दिवशी फुली दुसरी गाठ यायच्या आत बुडाली.
"गढूळ हाय जी," टिकेश म्हणाला.
मी म्हटलं, आकडा लिही. विशेषण मागून.

वेग मोजायला पळसाचं पान.
दहा मीटरला बावन्न सेकंद, मग सदुसष्ट.
तिसऱ्यांदा पान बेशरमच्या झुडपात शिरलं
ते बाहेर आलंच नाही.
त्याची वेळ काय लिहायची, यावरून भांडण.
शेवटी लोकेश्वरीने लिहिलं :
'अजून पोचायचं आहे.'

गोटे उलटवले. खाली लाल जंत, पुष्कळ.
पुस्तकात लाल जंतांपुढे काय छापलंय
ते मी मोठ्याने वाचलं नाही.

काठावर पुसाबाई वलथरे जाळं झटकत होती.
पोरांनी विचारलं, तर बोलत सुटली :
बोटरी, दाडक, सवडा, शिंगूर, मरळ...
"मरळ तं पिल्लं घेऊन फिरे बाप्पा,
कोंबडीवानी."
रजिस्टरात दोनच रकाने होते,
आढळले आणि आढळले नाही.
लोकेश्वरीने पट्टी ठेवून तिसरा आखला
आणि वर लिहिलं, 'होते'.
तोच सगळ्यांत आधी भरला.

मग घरोघरी प्रश्नावली.
प्रश्न मीच काढले होते, रात्री जागून.
नववा प्रश्न : नदीत वाहने कोण धुतात? नावे लिहा.
सोमवारी कागद माझ्या टेबलावर आले.
ट्रॅक्टरवाले कटरे. दूधगाडीवाला झनक.
आणि खाली, वळणदार अक्षरात :
'आपले सर. दर रविवारी. साबण लावून.'
वर्गात एकोणीस माना खाली,
एकोणीस वह्यांत अचानक फार महत्त्वाचं काही.
मी तपासल्याची सही केली.
शेरा सुचला नाही.

बेशरम उपटायला तीन शनिवार गेले.
ढीग आम्ही काठावरच टाकला, टाळ्या वाजवून,
आणि पावसाळ्यात त्या ढिगाच्या काडीकाडीने मूळ धरलं.
"नावच तसं हाय तिचं," पुसाबाई म्हणाली.
दुसऱ्या वर्षी खडकावर वाळवून मग टेंभा लावला.
उंबराची वीस रोपं लावली,
चौदा शेळ्यांनी खाल्ली.
शेळ्या टिकेशच्याच. तो दोन दिवस शाळेत आला नाही,
तिसऱ्या दिवशी बाभळीचे काटे घेऊन आला,
डोक्यावर भारा, कानामागे ओरखडा.
पुसाबाईने दूरच्या तलावातून
टोपलीभर ओलं हिरवं काही आणलं
आणि कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून
पोरांना चिखलात खोचायला शिकवलं.
नाव विचारलं तर म्हणे, मासोऱ्यांचं खानं.
अहवालात मी तेच नाव दिलं.

गाडी आता शाळेमागे धुतो, एका बादलीत.
पाणी पपईच्या आळ्यात जातं.
रविवारीसुद्धा कुंपणापाशी
कोणीतरी उगाच उभं असतं.

या फेब्रुवारीत फुली चौथ्या गाठीपर्यंत दिसली,
नंतरच्या शनिवारी परत तिसरी.
वर कोणाच्या तरी धानाच्या बांधीतून पाणी सुटलं होतं.
आकडा आम्ही तसाच ठेवला.

काल रजिस्टर चाळताना पहिल्या रकान्यात,
शाई थोडी फुटलेली, ओल्या बोटाची :
'बोटरी. एक. बोटाएवढी.
सर म्हणतात एकदा दिसणे म्हणजे नोंद नाही.
मी लिहिली.'