सोडणाचा वास

चिपळूणच्या डॉक्टरबाई म्हणाल्या,
मूल हवं असेल तर ही गोळी नको.
अकरा वर्षं घेतेय मी ती.
गुलाबी, मधोमध रेघ असलेली.
लग्नाच्या बॅगेत साड्यांखाली
हिचीच तीन पाकिटं होती.
विजूला पहिल्याच रात्री सांगितलं.
घरातल्या बाकीच्यांना नंतर, एकेक करून,
जशी ज्याची छाती.

आता दर सोमवारी
जुनी अर्धी कमी, नवी अर्धी जास्त.
बाईंचं अक्षर सुरेख, बाणसुद्धा सरळ.
तो तक्ता मी कॅलेंडरवर उतरवून घेतला,
भरतीच्या वेळांखाली, हिरव्या पेनाने.

पहिल्याच दिवशी कापताना अर्धा तुकडा उडाला,
ओट्यामागे गेला.
हिराच्या काडीने शोधला किती वेळ.
सापडला तेव्हा बाजूने मुंग्यांची रांग चालली होती,
एकीनेही त्याला हुंगलं नव्हतं.

धोपाव्याच्या जेट्टीवर मी फेरीची तिकिटं फाडते.
मोटरसायकल, रिक्षा, चिऱ्यांचा टेम्पो, माणूस.
दुसऱ्या आठवड्यात हिशेब चुकायला लागला,
चाळीस कमी, दुसऱ्या दिवशी नव्वद जास्त.
एका पाहुण्याला ‘बोट’ म्हणायचं होतं,
म्हणाले, ‘येईल आता ती, लोखंडाची.’
तो हसला. मीही.
मग पैसे मोजायच्या निमित्ताने खाली बघत राहिले.

नव्या गोळीने राग येतो, हे बाईंनी सांगितलं होतं.
पण सांगितलेला राग वेगळा, आलेला वेगळा.
विजू फक्त म्हणाला, सार जरा खारट झालंय.
पळी भिंतीवर.
कोकमाचा डाग अजून आहे तिथे,
आम्ही दोघं त्याच्याकडे न बघता जेवतो.
त्या रात्री विचारलं त्याला,
ही मी होते की ती?
तो म्हणाला, तू आधीपण काही गरीब गाय नव्हतीस.

आणि वास.
मला येतं त्याच्या आधी वास येतो
सोडण जळल्याचा.
आमच्याकडे तर पहाटे
घरोघर न्हाणीच्या चुलीत सोडणंच पेटतात.
म्हणजे अकरा वर्षं
माझी एकेक सकाळ संशयाची.
विजूला विचारायचं, येतोय का रे?
येतोय, म्हणाला की
उठून दात घासायचे.

त्या बुधवारी भर दुपारी आला.
आजूबाजूला खाडी, डिझेल, वाळत टाकलेली जाळी.
चाचा, वास येतोय का कसला?
मुश्ताकचाचांनी हवा हुंगली,
माझ्या तोंडाकडे बघितलं
आणि काही न बोलता माझी खुर्ची
पाण्यापासून लांब ओढली.

पुढचं मला सांगितलेलं आहे.
कुणीतरी चप्पल काढली होती नाकाला लावायला,
कुणी कांदा आणायला धावला.
चाचा ओरडले, ठेव ती खाली.
मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली
स्वतःचा शर्ट घातला, घड्याळ बघत बसले.
दोन मिनिटं वीस सेकंद.
मीच शिकवलं होतं त्यांना कधीतरी, पावसात
फेरी बंद होती तेव्हा, वेळ जात नव्हता म्हणून.

शुद्धीवर आले तर जीभ सुजलेली,
पलीकडे दाभोळ जागच्या जागी,
आणि चाचा बनियनवर उभे राहून
तिकिटं फाडताहेत.
संध्याकाळी हिशेब केला.
महिन्यात पहिल्यांदा रुपयाला रुपया जुळला.
मला त्याचंच जास्त रडू आलं.

बाई फोनवर म्हणाल्या, हा आठवडा आहे तिथेच थांबू.
कॅलेंडरवरचे सगळे आकडे
एकेक घर खाली सरकवले.
खाडाखोडीत रविवारची भरती दिसेनाशी झाली.

आज पहाटे परत आला.
विजू गाढ झोपलेला,
त्याचा हात माझ्या पोटावर, ओझ्यासारखा.
उठवणार होते.
मग म्हटलं, थांबू जरा.
अंधारात पडून राहिले, मनात आकडे मोजत,
चौदा, पंधरा,
सोळाला शेजारच्या सुगंधाची बादली वाजली,
ती खोकली,
आणि धुराला शिवी हासडली.