पाटी ओली आहे

विट्यात नवं वाचनालय उघडलं त्या आठवड्यात
माग काही बंद नव्हते.
पाठच्या गल्लीतून खट्याक खट्याक, खट्याक खट्याक.
फीत कापून झाल्यावर नगराध्यक्षांचं भाषण
धोट्याच्या दोन फेऱ्यांमध्ये मावलं तेवढंच झालं.

मी नोंदवहीवाली.
पाच दिवसांचा कार्यक्रम माझ्याच अक्षरात दारावर:
सकाळी सुलेखन, दुपारी पुस्तकबांधणी,
संध्याकाळी अभिवाचन, शेवटच्या दिवशी बाहुल्या,
आणि कंसात, चहा मिळेल.
पहिल्या दिवशी गर्दी कंसासाठी होती.

सुलेखनाच्या वर्गात लोहार पेंटरांनी
'शांतता राखा' करायला घेतली.
पोरांना म्हणाले, श ची गाठ सैल सोडू नका,
सगळं पुढचं तिच्यावर टांगलेलं असतं.
ट्रॅक्टरच्या पाठीवर आयुष्यभर 'पुन्हा भेटू' रंगवलेला हात
शांततेच्या कोपऱ्यात, सवयीनं,
एक मोर काढून मोकळा झाला.
पाटी दारातच वाळत ठेवली.
खाली खडूनं: हात लावू नये, ओली आहे.

पुस्तकबांधणीला दस्तगीर मुल्ला.
दाभण त्यांचं, खळ त्यांची, मोरचुदाचा वास त्यांचा.
दोरा मात्र दुसऱ्याच दिवशी संपला.
कुणीतरी मागावरची कांडी आणून दिली.
चाचांनी सूत दातात धरून ताणलं,
बोटानं छेडलं, कानाशी नेलं,
मेणातून काढा, म्हणाले, धरेल.
सतरा पोरांनी सतरा कोऱ्या वह्या शिवल्या
आणि आत काही नसताना
कुणाला उघडू दिल्या नाहीत.

कांडी आणणारे सोपान दिवटे.
एकोणचाळीस वर्षं मागावर.
कान गेले ते एकदम नव्हे, पगारासारखे, हप्त्याहप्त्यानं.
बोलतात ते चार मागांपलीकडच्याशी बोलावं तसं.
अभिवाचनात त्यांनी नाव दिलं
आणि आम्ही एकमेकींकडे बघितलं.
हाताला लागलं ते पुस्तक उघडलं. शेळीपालन.
'करडांना पहिला चीक अर्ध्या तासाच्या आत पाजावा'
हे वाक्य त्यांनी असं म्हटलं
की पाठच्या गल्लीतला एकजण माग थांबवून
भांडण कुणाचं ते विचारायला आला.
मग तोही बसला. चहा घेतला. लसीकरणापर्यंत ऐकलं.
पाटी अजून ओली होती,
कुणाला काही म्हणता येईना.

बाहुल्या झाल्या. मांडव गेला.
खुर्च्या मोजल्या तर दोन कमी भरल्या.
सोपानराव मात्र रोज येऊ लागले,
बालविभागात, खिडकीखाली, हातात पुस्तक नाही.
मला वाटलं, सावलीला येतात.
चिठ्ठीवर लिहून विचारलं, काही काढून देऊ?
नको, ते ओरडले. ऐकतोय.

काय ऐकताय?
त्यांनी हनुवटीनं दाखवलं.
समोर नाईकांचा रुद्राक्ष, तिसरीतला,
मांडीवर पुस्तक, ओठ हलतायत, आवाज नाही.
त्याच्या पलीकडे आणखी तिघं, तसेच.
मागावर कान कुठं चालतो, ओठच वाचायचे असतात, म्हणाले.
हा जंगलात शिरलाय.
त्याला 'दुर्दैव' सुटत नाही, चौथ्यांदा आपटला.
ती निळ्या रिबिनीची लबाड आहे, अवघड शब्द
गिळून पुढं जाते.

मी पंधरा वर्षं वाचनालयात काढली,
जुन्या खोलीत तेरा, इथं धरून.
मला ती खोली कायम गप्पच दिसली होती.

आता पाटी वाळली आहे.
मोरासकट ठोकली आहे दारावर.
काल दुपारी मी नवी पुस्तकं चढवत होते,
एकेक नाव, एकेक नंबर, मान खाली घालून.
खिडकीखालून एकदम खच्चून आवाज आला:
बाई, चारशे बारा मघाशीच झालं!
हे तेरा!

सगळी पोरं दचकून माझ्याकडे बघायला लागली.
मी ओठांवर हात ठेवला,
आणि दुसऱ्या हातानं
बाराचे तेरा केले.