छातीच्या हाडामागे

तीन दिवसांचं बाळ. अजून नाव नाही,
मनगटाच्या पट्टीवर फक्त आईचं: ब्लाझेना.
मी जेलची बाटली काखेत धरून ऊब आणते,
हे कुठल्याच नियमावलीत नाही,
आणि प्रोब टेकवते बटणाएवढ्या जागेवर.

पडद्यावर करडं काही हलतं.
हृदय. ते लगेच सापडतं, त्याला लपता येत नाही.
त्याच्या माथ्यावर, हाडाच्या आडोशाला,
यौवनलोपी ग्रंथी.
तारुण्य आलं की विरत जाणारी,
म्हणून जे शिकवायचं ते घाईघाईनं शिकवून टाकणारी:
आपलं कोण, परकं कोण,
कोणावर धावून जायचं, कोणाला वाट द्यायची.
नापास झालेल्या पेशी तिथंच मरतात.

बाळाला उचकी लागते. आकडा निसटतो.
पुन्हा मोजते.
आकडा लिहिते आणि चेहरा कोरा ठेवते,
हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी जमलं.

ब्लाझेना बोलत राहते.
तिचे वडील विन्सेंत कालव्यावर कार्प धरायचे.
इथं, पूर्व स्लोव्हाकियात, सगळेच धरायचे.
नाताळाआधी दोन दिवस मासा न्हाणीच्या टबात पोहायचा,
ती त्याला पावाचा चुरा घालायची,
मग रडत रडत खायची,
आणि एक खवलं पाकिटात जपायची, वर्षभर पैसा टिकतो म्हणून.
अजून आहे. दाखवते.
नखाएवढं, पिवळट, उजेड आरपार.

कालव्याच्या वरच्या अंगाला कारखाना होता.
ती चालायला लागली त्या वर्षी बंद पडला.
फाटकाला कुलूप लागलं,
तेलकट पाण्याला कोण लावणार?
ते चिखलात गेलं, चिखलातून माशात,
माशातून तिच्या मांड्यांच्या चरबीत,
आणि तिथं मुकाट बसून राहिलं
लेकराची वाट बघत.

संप्रेरक म्हणजे निरोप.
आणि हा तोतया: तीच चाल, तोच आवाज,
दारावर तशीच थाप.
आतून कोणी कडी काढली का,
कोणत्या आठवड्यात, किती वेळा,
ते पडद्यावर दिसत नाही.

जिथं नाळ पुरली तिथली ओढ सुटत नाही म्हणतात.
इथं उलटं झालं.
गावच नाळेत पुरलं गेलं.

"लहान आहे का?" ती विचारते.
एका बाळावरून काही सांगता येत नाही, मी म्हणते.
हे खरं आहे.
खरं असूनही खोट्यासारखं घशात अडकतं.
"दूध पाजू ना?"
पाज.
एवढं मात्र न अडखळता.

रात्री खोली रिकामी झाल्यावर
मी दिवा मालवते, शर्टाची वरची बटणं काढते,
प्रोब स्वतःच्या छातीवर धरते.
माझंही गाव तेच. कालवाही तोच.
जेल आता थंडगार.
पडद्यावर हृदय, नेहमीसारखं कामात.
त्याच्या माथ्यावर नुसती चरबी.
शाळा होती म्हणे इथं.
किती खोल्यांची, आता कोण सांगणार.