फटींची खोली

आमच्या सांदोय बेटावर झाडं नाहीत.
वाऱ्याला धरायला काहीतरी हवं,
म्हणून प्रत्येक घराशेजारी त्याची एक खोली:
उभ्या फळ्या, फळ्यांमध्ये बोटभर फटी.
ऑक्टोबरात बाबा तिथे मेंढा टांगत.
धूर नाही, मीठ नाही.
मीठ समुद्रच आणून टाकायचा, फुकट.

नाताळापर्यंत ते मांस
ओलं राहिलेलं नसे, सुकलेलंही नसे.
त्या मधल्या अवस्थेला फेरो बेटांवर एक शब्द आहे, रेस्त.
परक्या माणसाला वासच सांगावा लागतो:
जुनं चीज, भिजलेला कुत्रा,
आणि चर्चच्या मागच्या बाकावर दाटीने बसलेले
कोळ्यांचे लोकरी कोट.

मी सात वर्षांची. ताटात करडा-जांभळा तुकडा.
नियम एकच: जे टांगलं, ते संपवायचं.
मी घास गालात धरून बसे,
उजव्या गालातून डाव्या गालात,
जणू गिळायचं की नाही
हे दुसरंच कुणीतरी ठरवणार होतं.
बाबा बटाटे सोलत राहत. माझ्याकडे बघत नसत.
त्यांनी रागावलेलं परवडलं असतं.

मग मला स्वेटरची बाही सापडली.
सुन्निवा आत्याने विणलेली, मनगटाशी घट्ट.
तुकडा आत, हात मांडीवर,
आणि जेवण झालं की अंगणात, त्रिग्गुरच्या तोंडी.
तीन हिवाळे असं चाललं.
कुत्रा इतका सुटला
की मेंढ्या त्याला जुमानेनाशा झाल्या.
आई स्वेटर धुताना एकदाच म्हणाली,
"या बाहीलासुद्धा नाताळ येतो वाटतं."

पुढे कोपनहेगन. एकवीस वर्षं बस चालवली.
तिथलं मांस प्लास्टिकखाली गप्प पडलेलं,
कशाचाच वास नाही.
म्हटलं, सुटले.

नेमकं कधी फिरलं, सांगता येत नाही.
डॉक्टर म्हणतात, वय वाढलं की जीभ बोथट होते.
म्हणजे आवड आली नाही,
नुसती नावड झिजली.
असेलही.
पण एका मार्चमध्ये, डेपोत,
कुणाचा तरी ओला कोट हीटरवर वाळत होता
आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.
कोट रात्रपाळीच्या अब्दिरहमानचा.
लाजत लाजत त्याला सांगितलं. तो हसला नाही.
म्हणाला, "आंबवलेलं उंटिणीचं दूध. लहानपणी ओकायचो.
आता बहिणीला फोन करून विचारतो,
यंदा नीट आंबलंय का?"
मग दोन ड्रायव्हर बराच वेळ
एका कोटाकडे बघत उभे.

यंदा मेंढा मी टांगला.
बाबा सत्त्याऐंशीचे. फळ्यांवरून हात फिरवून म्हणाले,
उत्तरेची फट बुजलीय, कोर ती.
मी चाकूने कोरली.

नाताळच्या रात्री ताट वाढलं.
पहिल्या घासाला माझे डोळे मिटले,
आणि उघडले तेव्हा
बाबांचा गाल फुगलेला दिसला.
उजवा. मग डावा.
खीर आहे का, दालचिनी घातलेली, त्यांनी हळूच विचारलं.
मी बटाटे सोलत होते.
खाली बघत सोलणं किती सोपं असतं ते कळलं,
म्हणून सुरी ठेवली.

आणि काय सुचलं कोण जाणे,
टेबलाखालून माझी बाही पुढे केली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ.
मग घास काढून तिच्यात ठेवला,
अगदी नीट, काठाला न लागता,
आणि दाराकडे मान वळवून म्हणाले,
"त्रिग्गुर कुठे गेला?
त्याला सवय आहे."

खीर टाकायला उठले.
चुलीपाशी, पाठ करून,
तो तुकडा मीच खाल्ला.
अजून आठवडाभर टांगायला हवा होता.