खुणेच्या काठ्या

देवबागला कर्ली समुद्रात शिरते तिथं
वाळू एका जागी राहत नाही.
गेल्या साली जिथं होडीचा तळ घासला
तिथं यंदा पुरुषभर पाणी.
म्हणून नारळी पौर्णिमा झाली, खाडीचा गढूळ बसला,
की माझा बाप कायतान
सुकतीची वेळ धरून बांबूच्या काठ्या घेऊन निघायचा,
प्रत्येकीला आईच्या जुन्या साडीची लाल चिंधी.
सतरा काठ्या. एखाद्या साली एकोणीस.
दोन ओळींमधलं अंतर एका होडीपुरतं, वर हातभर.
"रुंद कित्याक नाय?" मी विचारायची.
"रुंद तर सगळो दर्याच आसा."

रविवारी फादर विचारायचे, तारण कशानं होतं?
मी उभी राहून धडाधडा सांगायची:
विश्वासानं, कृपेनं, संस्कारांनी, सत्कर्मांनी,
बाजाराची यादी सांगावी तशी.
बक्षीस मिळालं, एका संताचं रंगीत चित्र.
बापानं ते ओल्या अंगठ्यानं धरलं,
संताच्या पायाशी बांगड्याचं एक खवलं चिकटून राहिलं.
अजून आहे.

मग ते साल. मी अकरा वर्षांची.
नोव्हेंबरातलं अवेळी वादळ.
बापाची होडी उलटली
त्यानंच रोवलेल्या काठ्यांच्या मधोमध.
पुढं कितीतरी वर्षं मला हेच उलगडत नव्हतं.
वाट बरोबर होती,
आणि तो बुडत होता.

किनाऱ्यावर माणसं.
कोणी ओरडत होतं, डावीकडं ये.
कोणी म्हणत होतं, पाय मार, पाय मार.
आई गुडघाभर पाण्यात तेर्स म्हणत होती, मणी चुकत.
दोर टाकला. दोनदा.
बाप नंतर सांगायचा, स्वतःच्याच हातांकडं बघत,
"दोर माज्या हातात इलो. पण बोटां मिटाक नाय."
"मगे?"
"मगे भिवा उतारलो."

भिवा खोबरेकर.
जाळ्याच्या भांडणावरून दोन वर्षं
आमच्या दारासमोरून मान फिरवून जाणारा.
त्यानं दोर आधी स्वतःच्या कमरेला घेतला,
मग बापाच्या बगलेखालून,
आणि दोघं एकाच गाठीत ओढले गेले वाळूवर.
बाप म्हणायचा, मी त्यात काहीच केलं नाही.
सरपंचाला म्हणायचा, फादरना म्हणायचा,
कोणी विचारलं नाही तरी म्हणायचा.
भिवाच्या कमरेवर दोराचा वळ जन्मभर राहिला.
नाताळाला त्याच्याकडं नेवऱ्यांचं ताट जायचं,
वर क्रोशाचा रुमाल.
रुमाल धुऊन परत यायचा, ताटात चार सुक्या सुरमया.

त्याच होडीत पेद्रू होता.
आल्मेडांचा, सतरा वर्षांचा, शिट्टी छान वाजवायचा.
त्याच्यापर्यंत दोर गेला नाही.
तो भोगव्याच्या बाजूला मिळाला
तिसऱ्या दिवशी.
श्रद्धेचा अंगीकार म्हणताना
मी या दोन शब्दांपाशी अजून अडखळते.
शेजारची बाई कोपरानं ढोसते, मग पुढं जाते.

आता रविवारी मीच शिकवते. नऊ मुलं.
तारण कशानं होतं, विचारलं
तर पेद्रूच्या बहिणीचा नातू म्हणतो,
टीचर, चांगलं वागून.
मी हो म्हणत नाही. नाही म्हणत नाही.
वह्या मिटायला लावते आणि सगळ्यांना मुखाशी नेते.
सुकती आहे. वाळू उघडी,
यंदा वाट पार कुरसाच्या अंगानं वळली आहे.

वाट मीच, असं जो म्हणाला
तो काठी रोवून, बोट दाखवून
किनाऱ्यावर थांबला नाही,
एवढं मला ठाऊक आहे, बापाच्या बोटांवरून.
पेद्रूचं काय केलंस, हे मात्र विचारायचं आहे,
भेटल्यावर, समोरासमोर.
मला वाटतं तो रागावणार नाही.
मला वाटतं त्याच्याही कमरेला वळ असेल.

मुलं चिंध्या बांधतायत.
ज्याची गाठ सैल,
त्याला मी सोडून पुन्हा बांधायला लावते.