दाब आणि दम

सोहारला ऑगस्टात पहाटे पाचलाही
बॉनेटचा पत्रा हाताला गरम लागतो.
खलफान आला, पुतण्याच्या गाडीला दोर बांधून,
स्वतःच्या पिकअपचं स्टिअरिंग घट्ट धरून.
चाकांत वाळू, मागच्या फळीवर वाळलेले खवले.
ही गाडी जाळं ओढते.
बोट समुद्रात जाळं टाकून येते
आणि ही गुरगुरत, इंच इंच, वाळू चढत जाते.

आज गुरगुरली नाही. नुसतं टक् टक् टक्.
"बॅटरी चांगली आहे," तो म्हणाला, "फक्त झोपलीये."
दोघांचंही हिंदी मोडकंच,
त्याचं अरबीकडे झुकलेलं, माझं दापोलीकडे.

मीटर लावला. अकरा पॉइंट आठ.
टर्मिनलवर हिरवट-पांढरा बुरा,
लोणच्याच्या बरणीला तोंडाशी धरतो तसा.
गरम पाणी, चमचाभर खायचा सोडा; फसफसत उतरला.
सोडताना आधी काळी वायर, मग लाल.
बसवताना आधी लाल, मग काळी.
हे मला हर्णेकर उस्तादांनी पान्याने हातावर मारून शिकवलं.
त्यांच्या स्वतःच्या बोटाला अंगठीएवढा गोल डाग होता.
पाना एकदा बॉडीला टेकला होता.
अंगठी त्यानंतर त्यांनी घातली नाही.

सहा घरांची सहा झाकणं.
पाच घरांतलं पाणी हायड्रोमीटरने पास केलं,
तिसऱ्यात नळी घालतोय तर ओढायला पाणीच नाही.
कडेला कोरलेली तारीख: दोन वर्षं, चार महिने.
या उन्हात दोन वर्षं म्हणजे पुष्कळ.
पुढचे चार महिने तिने पदरचे घातले.

पण खलफान नवी घेईना.
"रात्रभर चार्ज कर. अल्लाह मोठा आहे."
त्यावर मी काय बोलणार?
डिस्टिल्ड पाणी घातलं, चार अँपिअरवर लावली,
शटर अर्धं उघडं ठेवलं,
मोफिजुलला सांगितलं, आज इथे सिगारेट नाही.

रात्री खाटेवर पडून बुडबुडे ऐकत होतो.
तेवढ्यात उस्तादांचा व्हॉइस मेसेज आला, हर्णैहून.
आवाज तोच, खणखणीत. दोन शिव्या, एक चौकशी.
शेवटी सहज म्हणाले,
मासळीच्या लिलावाला जात नाही आता, चढण लागते.

सकाळी मीटर बारा पॉइंट सहा.
खलफानने टाळी वाजवली.
मी लोड टेस्टर लावला. दहा सेकंद.
काटा बाराला, अकराला,
मग एकदम खाली, साडेसातवर, तिथेच बसला.

दाब आहे, दम नाही, असं उस्ताद म्हणायचे.
हे त्याच्या भाषेत कसं सांगू?
मूठ आवळून दाखवली. मग सैल सोडली.
तो माझ्या हाताकडे बघत राहिला,
मग स्वतःच्या गुडघ्याकडे, आणि हसला.

नवी बसवली. एका चावीत इंजिन पकडलं.
अल्टरनेटरही तपासला, चौदा पॉइंट दोन, ठीक.
नाहीतर नवीही उपाशी मेली असती.
जुनी परत दे, म्हटलं, दोन रियाल कमी करतो.
तो नाही म्हणाला.
पोराला उचलावं तशी छातीशी धरून घेऊन गेला,
अ‍ॅसिडने दिशदाशाला भोक पडेल म्हणून मी ओरडत असताना.

शुक्रवारी संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो.
झावळ्यांच्या मांडवात माणसं जाळं शिवत होती.
वर एक लहानसा बल्ब, स्कूटरच्या दिव्याएवढा,
आणि खाली, फळीवर, प्लास्टिक अंथरून, ती.
इंजिनाला नाही,
पण सुईत दोरा ओवण्यापुरतं भागत होतं.

खलफानने जागा करून दिली. चहा ओतला.
मीटर माझ्या खिशातच होता.
लावला नाही.